बॉल कुठं वळला

१८ सप्टेंबर

नाव दिलं एकदाचं. पुण्यात नोव्हेंबरच्या शेवटी बोलिंगची राज्य पातळीवरची स्पर्धा आहे, आणि यंदा त्यात पन्नाशीपुढच्या बायकांचा वेगळा गट ठेवलाय. गुरुप्रसादनं माझ्यासमोरच फोन लावला. "हफीजा मुकादम, रत्नागिरी," हे त्यानं इतक्या मोठ्यानं सांगितलं की बाहेर लेनवर तेल घालायचं मशीन पुसत बसलेला त्याचा कामगार रघूही आत डोकावला.

गुरुप्रसादची हौस मला कळते. मिरजोळ्याला त्याच्या वडिलांचं आमरसाचं शीतगृह होतं, ते बंद पडलं. यानं त्या जागेत चार लेन टाकल्या. अख्ख्या गावानं वेड्यात काढलं त्याला. पोरं वाढदिवसाला येतात, बॉल दोन्ही हातांनी आपटतात, फोटो काढतात नि जातात. नीट खेळणारी मी एकटी. त्यामुळे दुपारी जागा रिकामी असली की माझ्यासाठी दिवे लावून देतो.

घरी येऊन नवऱ्याला, जमालना, सांगितलं. "जा की," म्हणाले.

"एकटी नाही जायची. मागे कोण उभं राहणार?"

यावर हसले, पण जरा उशिरानं.

दुबईत राहायचो तेव्हा आमच्या बोलिंगच्या टीमची कॅप्टन मारिसेल सगळ्यांना डायरी लिहायला लावायची. कुठला बॉल, कुठली लेन, तेल कसं होतं, काय झालं. बाकीच्या दोन ओळी लिहायच्या. मी मराठीत लिहायची, कुणाला वाचता येत नसे, म्हणून माझ्या डायरीत घरचंही शिरायचं. आताही शिरेलच.

२१ सप्टेंबर

नियम कळले. पहिल्या दिवशी आखूड तेल, दुसऱ्या दिवशी लांब तेल. आणि प्रत्येकीला दोनच बॉल. माझ्याकडे तीन आहेत. एक घरी ठेवायचा, तो कुठला?

लेनवर तेल असतं म्हटलं की इथं लोक हसतात. पण सगळा खेळ त्या तेलाचा आहे. साठ फुटांच्या पट्टीवर पुढून तेलाचा पातळ थर देतात, शेवटचा भाग कोरडा सोडतात. थर लवकर संपवला की आखूड तेल, दूरवर नेला की लांब. तेलावर बॉल घसरत जातो, कोरडं लागलं की पकडतो आणि वळतो. लवकर वळला तर डावीकडे वाहवतो, उशिरा वळला तर टोकाला उभ्या केलेल्या दहा पिनांना उजवीकडून नुसता चाटून जातो.

माझा हिरवा प्लॅस्टिकचा. तेल असो नसो, तो आपला सरळ. एखादी उभी राहिलेली पिन टिपायला बरा. निळा युरेथेनचा. तो लवकर वळायला लागतो, पण सावकाश, लांब कमान घेत. जांभळा रेझिनचा. तेलावरून सुसाट जातो आणि कोरड्यावर आला की झटक्यात आत घुसतो. लागला तर दहाच्या दहा आडव्या, नाही तर तोंडघशी पाडतो.

ठरवलंय की तिन्ही बॉल एक नंबरच्या आणि चार नंबरच्या लेनवर टाकून बघायचे. रघू एकीवर आखूड तेल देईल, दुसरीवर लांब, मग अदलाबदल करेल. मी टाकणार, जमाल मागच्या ओट्यावर उभं राहून सांगणार. बॉल सोडताना माझी मान खाली असते, ती वर येईपर्यंत तो लेनवर आखलेल्या बाणांच्या पुढे गेलेला असतो. आणि इतक्या खालून लेनच्या कुठल्या फळीवरून वळला ते कळत नाही. जमालना कळतं. दुबईला जेबेल अलीच्या बंदरात त्यांनी उभी हयात क्रेन चालवली. उंचावरच्या केबिनमधून खालचा कंटेनर वीतभर सरकलेला दिसायचा त्यांना. तशी नजर मी दुसऱ्या कुणाची बघितली नाही. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं वैद्यकीय तपासणी केली आणि घरी पाठवलं. ब्लडप्रेशर म्हणे. इथं आल्यापासून मी मोजतेय, एकदाही जास्त आलेलं नाही. मोठ्या कंपन्यांना म्हातारी माणसं नको असतात, दुसरं काय.

२६ सप्टेंबर

चार नंबरवर सगळं मनासारखं. आखूड तेल. निळा टाकला, जमाल म्हणाले, "लवकर धरला, अर्ध्याच्या थोडा पुढं." बरोबर तसाच गेला तो. जांभळा टाकला. "हा लांब गेला, मग एकदम." हेही बरोबर. अगदी जुने दिवस आठवले.

एक नंबरवर मात्र काही ताळमेळ नाही. जमाल म्हणाले उशिरा वळला. उशिरा वळला तर डावीकडे कसा गेला? म्हणून मी त्यांच्या सांगण्यावरून जागा बदलली, तर आणखी बिघडलं. पुन्हा विचारलं, "अहो, कुठं वळला?"

"शेवटी शेवटी," म्हणाले.

एक नंबरची लेन दाराजवळ. दाराबाहेर शीतगृहाचा जुना कॉम्प्रेसर जागा थंड ठेवायला अजून चालतो, त्याचा आवाज आत येतो. दार उघडलं की दमट हवाही येते. तेलावर परिणाम होत असणार. रघूशी बोलायला हवं.

३० सप्टेंबर

आज मला शरमेनं मान खाली घालावी लागली. रघूनं आपण होऊन जमालना विचारलं, "भाईजान, बरं हाय ना?" आणि हात पुढं केला. जमाल त्याच्या हाताकडे न बघता सरळ खुर्चीकडे गेले. रघूचा हात तसाच अधांतरी. हात काळे असतात त्याचे, ग्रीस असतं. पण म्हणून काय हात देऊ नये?

घरी येताना बोलले मी. "दुबईत राहून आलो म्हणजे आपण मोठे झालो का?"

त्यांनी विचारलं, "त्यानं हात कधी पुढं केला?"

"बघून न बघितल्यासारखं करू नका."

"बरं," म्हणाले. कबूल केल्यासारखे.

४ ऑक्टोबर

स्कूटर हल्ली मीच चालवते. "तुझा हात बसू दे," म्हणतात. चांगलं आहे, पण अंधार पडायच्या आत घरी चल म्हणून घाई करतात, त्याचा कंटाळा येतो. रात्रीच्या, इशाच्या नमाजालाही मशिदीत जाणं सोडलंय, घरीच पढतात. गल्लीतले दिवे गेलेत म्हणे. मला तर दोन्ही दिवे चालू दिसतात. आळस, आणखी काय? कामावरून सुटलेला पुरुष असाच सैल पडत जातो.

आज पाण्याचा पेला त्यांच्या कोपराशी ठेवला होता, तोच कोपर लागून फुटला. मी म्हटलं, डोळे तपासून या. तर उठले, माझ्या हातातली सुई घेतली आणि एका फटक्यात दोरा ओवून दिला. मला चष्म्यानंही जमत नव्हतं.

"बस?" म्हणाले.

बस. डोळ्यांना काही झालेलं नाही. लक्ष नसतं, हे खरं.

९ ऑक्टोबर

रघूशी भांडले. एक नंबरवर लांब तेल द्यायला सांगितलं होतं. निळा टाकला, जमाल म्हणाले लवकर वळला. जांभळा टाकला, तोही म्हणाले लवकर वळला. लांब तेलावर जांभळा लवकर वळूच कसा शकतो? म्हणजे तेल कमी दिलंय. रघूला म्हटलं, "मशीन नीट चालव, नाही तर मी गुरुप्रसादला सांगते."

तो म्हणाला, "ताई, दोनी लेनीवर मशीन सारखंच फिरवलंय. वाटलं तर परत फिरवून दाखवतो."

दाखवलं त्यानं. पुन्हा तेच. जमाल सांगतात एक, पिना पडतात भलत्याच. मी दमले होते. रघूला नको ते बोलले, की त्याचं आधीचं बर्फाच्या कारखान्यातलं काम वेगळं आणि हे वेगळं. तो मशीन ढकलत निघून गेला. जमाल ओट्यावर उभे राहून सगळं ऐकत होते. नेहमी माझी बाजू घेतात, किंवा मला आवरतात. आज दोन्ही नाही.

१३ ऑक्टोबर

लायबाचा पुण्याहून व्हिडिओ कॉल. जावई आणि ती दोघंही स्पर्धा बघायला येणार आहेत. मी एक नंबरचं रडगाणं सांगितलं. ती म्हणाली, "अम्मी, मागे मोबाईल लावून ठेव ना. सगळं परत परत बघता येईल."

जमालच मध्ये म्हणाले, "मोबाईलला काय कळतंय गो बॉलमधलं?" आवाज चढला होता. लायबाला असं कधी बोलत नाहीत.

मी म्हटलं, "तुझ्या अब्बांची नजर असताना मोबाईल कशाला?"

नंतर तिनं मला वेगळा फोन केला. म्हणाली, अब्बा बोलताना माझ्याकडे बघतच नव्हते, रागावलेत का? मी म्हटलं, त्यांचं हल्ली सगळ्यांशीच असं आहे.

फोन ठेवल्यावर मनात एक विचार आला, तो इथं लिहिते, कारण दुसरीकडे कुठं बोलता येणार नाही. जमालना मी पुण्याला जायला नको आहे. तिकडे ते कमावते होते आणि माझा खेळ म्हणजे शुक्रवारची करमणूक होती. इथं ते रिकामे आणि माझं नाव लागतंय. असं असेल का? इतक्या वर्षांच्या माणसाबद्दल असं मनात यावं, याचीही लाज वाटते.

१८ ऑक्टोबर

लाज वाटायचं कारण नाही. माझंच खरं निघालं.

आज एक नंबरवर होते. बॅगेतून काढताना मोठ्यानं म्हटलं, "आता जांभळा टाकते." आणि हिरवा उचलला. साधा प्लॅस्टिकचा, कधी न वळणारा. टाकला. तो सरळसोट गेला, उजवीकडच्या तीन पिना घेतल्या. मागे वळले आणि विचारलं, "कुठं वळला?"

जमाल म्हणाले, "तेल संपल्या संपल्या. छान झटका घेतला बघ."

बॉल परत आला, पुसला, बॅगेत ठेवला. स्कूटर काढली. ते मागे बसले. मारुती मंदिराच्या चौकात सिग्नलला थांबले तेव्हा मागे न बघताच म्हटलं, "तो हिरवा होता."

घरात आल्यावर दार लावून घेतलं आणि विचारलं, "मुद्दाम करता ना? मला खोटं सांगून बिघडवताय ना?"

त्यांनी खुर्चीची पाठ धरली. मग म्हणाले, "होय."

"का?"

"नको जाऊस पुण्याला. मला नको आहे. झालं?"

मला वाटलं होतं नाही म्हणतील. शपथा घेतील, रागावतील, मग मी माफी मागेन. त्यांनी होय म्हटलं.

१९ ऑक्टोबर

सौंदाळे मासे तळले. एका ताटाला एक माणूस, दुसऱ्या ताटाला दुसरा.

२२ ऑक्टोबर

एकटी जातेय. मागे तिपाई लावून मोबाईल ठेवते. आज एक नंबरवर निळा आणि जांभळा दोन्ही टाकले, दोन्ही तेलांवर. घरी येऊन पाहिलं. आखूड तेलावर निळा लवकर धरतो, सावकाश येतो. लांब तेलावर जांभळा लांबपर्यंत घसरतो आणि मग आत. चार नंबरवर जे होतं तेच, तसंच. एक नंबरच्या लेनला काहीही झालेलं नाही.

म्हणजे चार नंबरवर ते खरं सांगत होते आणि एक नंबरवर खोटं. हे कसलं वागणं? फसवायचं तर दोन्हीकडे फसवावं. की मधूनमधून खरं सांगितलं म्हणजे मी विश्वास ठेवत राहीन, असा विचार? इतका डाव धरणारा माणूस मी ओळखत नव्हते.

रघूची माफी मागितली. "जाऊ द्या ताई," म्हणाला. मग विचारलं, "भाईजान येत नाहीत आता?" मी म्हटलं, तब्येत बरी नाही.

२८ ऑक्टोबर

खेळ सुधारलाय. निळा हातात बसलाय. आनंद मात्र होत नाही. चांगला पडला की मागे वळते, मागे तिपाई.

घरी जमाल जरुरीपुरतं बोलतात. आज अंगणातल्या पायरीवरून पाय चुकला त्यांचा, भिंतीला धरून सावरले. मी खिडकीतून बघितलं. उठून गेले नाही. हेही लिहून ठेवते.

४ नोव्हेंबर

काल लिहायला झालं नाही.

भाऊबीजेची सुट्टी, त्यामुळे संध्याकाळी पोरांनी चारही लेन भरलेल्या. अशा वेळी गुरुप्रसाद मोठे दिवे घालवून निळे दिवे लावतो, गाणी लावतो. मी फक्त बॅग आणायला गेले होते. काउंटरपाशी बोलत असताना दारातून जमाल आत आले. रिक्षा करून आले होते, माझ्याशी बोलायला. घरी बोलता येईना म्हणून इथं, असं नंतर म्हणाले. मला वाटलं तमाशा करायला आलेत. मी तिथूनच हाक मारली, "इकडे!"

गाण्यांत त्यांना माझा आवाज भलत्याच बाजूनं आल्यासारखा वाटला असणार. ते काउंटरकडे न येता सरळ पुढं चालत गेले. खुर्च्यांच्या मधून, ओट्यावरून खाली, बॉल टाकायच्या जागेवर. लेनच्या तोंडाशी काळी रेषा असते, तिच्यापुढं पाय टाकायचा नसतो. पुढं तेल. बोलिंगच्या जागेत एकदा येऊन गेलेलं पोरही हे जाणतं. यांनी तर मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं.

मी ओरडले, "अहो, रेषा!"

ते रेषेवरून पुढं गेले. दुसरं पाऊल तेलावर. पाय निसटला आणि डाव्या हातावर पडले. उठायचा प्रयत्न केला, परत घसरले. पोरं हसली. त्यांना वाटलं म्हातारा गंमत करतोय.

रघू बूट काढून अनवाणी धावला, त्यांना मागून काखेत धरलं आणि ओढून घेतलं. मी पोचले तेव्हा जमाल रेषेच्या अलीकडे बसले होते, मनगट छातीशी धरून. मी अगदी समोर वाकले होते. ते माझ्या खांद्याच्या बाजूला बघत म्हणाले, "हफीजा कुठाय?"

६ नोव्हेंबर

मनगट मोडलंय, प्लॅस्टर घातलं. हाडाच्या डॉक्टरांनी सहज विचारलं, कसे पडलात? मग बोट धरून विचारलं, हे दिसतंय? बोट बाजूला नेलं. हे? मग डॉक्टर म्हणाले, आजच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनी बराच वेळ घेतला. यंत्रात हनुवटी ठेवायला लावून ठिपके दाखवले. मग मला आत बोलावलं. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त. समोरचं बारीक दिसतं, नळीतून बघावं तसं. आजूबाजूचं गेलेलं. कमी उजेडात जवळजवळ काही नाही. हलती वस्तू एकदा त्या नळीबाहेर गेली की सापडत नाही.

सुईत दोरा ओवणारे हात माझ्या डोळ्यांसमोर आले. खरंच दिसत होती त्यांना सुई.

"परत येईल ना?" मी विचारलं.

"गेलेलं येत नाही," बाई म्हणाल्या. "उरलेलं राखायचं. थेंब रोज घालायचे, जन्मभर. आधी कुणी दिले नव्हते का?"

जमाल खाली बघत म्हणाले, "दिले होते. दुबईच्या डॉक्टरनं."

८ नोव्हेंबर

आज बोलले. मी विचारलं नाही, भाकरी करत होते. ते स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसले.

"कंपनीनं डोळ्यांसाठी घरी पाठवलं. ब्लडप्रेशर नव्हतं."

"कळलं ते."

"थेंब दोन महिने घातले. ते फ्रिजमध्ये ठेवायचे असायचे. फ्रिजमध्ये हे काय, म्हणून तू विचारलं असतंस. मी बंद केले."

माझी भाकरी तव्यावर करपली. "डोळे गेले तरी चाललं, पण मला कळलेलं नाही चालत?"

"एवढे जातील असं वाटलं नव्हतं गो."

"आणि बॉल? तो कुठं वळला ते कसं सांगत होतात?"

"आवाजावरून. तेलावर असतो तेव्हा नुसती घरघर असते. धरला की आवाज बदलतो, जड होतो. मग पिना. चार नंबरला सगळं ऐकू यायचं. एक नंबरला तो कॉम्प्रेसर."

मी गॅस बंद केला. तीन आठवडे मी ज्याला डाव समजत होते, तो कॉम्प्रेसर होता.

"मग त्या दिवशी होय का म्हणालात? मुद्दाम करतो असं का म्हणालात? मी तुमच्याबद्दल काय काय मनात आणलं, ठाऊक आहे?"

"ते परवडलं," म्हणाले. "रागावलीस तर रागावशील. पण एकदा का मी दिसत नाही म्हटलं, की तू बॉल कुठं वळला ते विचारणार नाहीस. माझा हात धरून खुर्चीवर बसवशील. लग्नानंतर मी तुझ्यासाठी हे एकच काम असं केलं, की जे दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं."

मला राग आला, अजूनही आहे. रडूही आलं. दोन्ही एकदम आल्यावर माणूस काय करतं? मी दुसरी भाकरी थापायला घेतली.

त्यांनी पडू नये म्हणून दोन वर्षांत मी काहीही केलं नाही, उलट बोललेच. रघूच्या हातावरून बोलले, पेल्यावरून बोलले, नमाजावरून बोलले. मीच त्यांच्या सगळ्यात जवळ होते. मला का दिसलं नाही?

१४ नोव्हेंबर

लायबाला सांगितलं. ती फोनवर खूप रडली, मग अब्बांवर ओरडली, मग पुण्यातल्या मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली. स्पर्धेनंतरच्या सोमवारची मिळाली.

मी म्हटलं, स्पर्धा राहू दे. जमालनी ऐकलं. "मी घरी बसेन, पण तू खेळ," म्हणाले. मी म्हटलं, घरी बसायचं नाही, यायचं. यावर भांडण झालं. बऱ्याच दिवसांनी नीट, मोठ्या आवाजातलं भांडण. शेवटी येतो म्हणाले. खोलीत सामान कुठं काय ठेवलंय ते त्यांना आधी हात लावून दाखवायचं, एवढी एकच अट.

थेंब मी घालते. डोळा उघडा ठेवताना कपाळाला आठ्या पडतात त्यांच्या. थेंबांची बाटली फ्रिजमध्ये दारातच ठेवलीय, दह्याच्या शेजारी.

हिरवा घरी ठेवायचा ठरलं. निळा आखूड तेलाला, जांभळा लांब तेलाला. मोबाईलवर बघून मीच ठरवलं.

२३ नोव्हेंबर, पुणे

पहिला दिवस. मोठी जागा, कितीतरी लेन, आवाजच आवाज. माझ्या गटात चौदा जणी. बहुतेक मुंबईच्या, एकमेकींना ओळखणाऱ्या. आखूड तेल. निळा सोडला आणि तो आपल्या चालीनं, कमान घेत, नेमका पुढच्या पिनांमधल्या खिशात. पहिल्या गेममध्येच अंग मोकळं झालं. दिवसअखेर चौथी आहे! लायबानं माझ्याहून जास्त आरडाओरडा केला.

जमाल मागे बसले होते, प्लॅस्टरचा हात मांडीवर. मी त्यांना काही विचारलं नाही. काय विचारावं ते कळेना. परत येऊन बसले की ते माझ्याकडे तोंड करायचे आणि थांबायचे. मी पाणी प्यायचे.

२४ नोव्हेंबर, पुणे

आज सगळं घसरलं. लांब तेल. जांभळा हातातून चांगला सुटत होता, वेग ठीक, आणि तरी वळायचंच नाव नाही. पुढंच पुढं जायचा आणि उजवीकडच्या पिना चाटायचा. मी बाहेरून टाकला, आतून टाकला, हळू टाकला. रत्नागिरीला लांब तेलावर हाच बॉल झटक्यात आत यायचा. तिसऱ्या गेमला निळा काढला, तो तर आणखी वाईट. चौथीवरून बाराव्या नंबरवर आले. शेजारच्या बाई मायेनं म्हणाल्या, "होतं असं." मी हसले आणि स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुऊन आले.

बाहेर आले तर जमाल जागेवर नाहीत. बघते तर ते रिकाम्या लेनच्या काळ्या रेषेशी गुडघे टेकून बसलेले, लायबा खांद्याला धरून उभी. अंतिम फेरीसाठी त्या लेनवर नुकतंच तेल घातलेलं होतं. तिथला तेलाच्या मशीनवरचा माणूस शेजारी उभा. लायबानं त्याला काय सांगितलं कोण जाणे, तो म्हणत होता, "बघा काका, पण पाय पुढं नको."

जमालनी उजवा हात रेषेपलीकडे नेला आणि लेनवर टेकवला. बोटं कडेपासून आत सरकवत नेली, सावकाश, एकेक फळी. परत कडेला आणली. पुन्हा आत. मग मला हाक मारली. मी आले होते ते पावलांवरून ओळखलं असणार.

"हफीजा, आपल्याकडे लांब तेल दिलं तरी कडेच्या फळ्या कोरड्या असतात ना?"

"असतात."

"मी रघूच्या लेनीला हात लावायचो. बॉल परत येईपर्यंत, तू बघत नसायचीस तेव्हा. कडेला बोटाला काही लागायचं नाही. इथं कडेला मधल्याइतकंच तेल आहे. इथून तिथपर्यंत सारखं. जांभळ्याला वळायला कोरडं मिळालंच नाही. तू बाहेरून टाकलास काय नि आतून टाकलास काय, सारखंच."

मी तेलवाल्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "बरोबर आहे काकांचं. स्पर्धेचं तेल असंच असतं, सपाट."

मी जमालच्या शेजारी खाली बसले. "हे खरं सांगताय?"

"हात लावून सांगतोय," म्हणाले.

मी त्यांचा हात धरला आणि त्याच्यासोबत माझाही लेनवर टेकवला. कडेला तेल, मध्ये तेल. मी तिथं इतकी वर्षं खेळले आणि कधी हात लावून पाहिलं नव्हतं.

बॅगेतला टॉवेल काढून त्यांची बोटं पुसली. तेल लवकर निघत नाही. रिक्षात बसल्यावर लायबा उद्याच्या डॉक्टरांच्या वेळेचं बोलत होती, किती वाजता निघायचं, उपाशी जायचं का. जमाल सगळं ऐकत होते. मध्येच त्यांनी तिला थांबवलं आणि म्हणाले, "डॉक्टरशी मी बोलेन. काय दिसतं आणि काय दिसत नाही, ते मीच सांगेन."